हात दाखवला की थांबायचं

आमच्या घरात एक माणूस असा आहे की तो अंगणातल्या खाटेवर बसला तरी डायवरच्या सीटवर बसल्यासारखा बसतो. पाठ ताठ, तोंड रस्त्याकडं, डावा हात मांडीशी, जिथं गिअर असायचा तिथं. नाव माणिकराव. आसेगावात येऊन माणिक डायवर विचारा, शेंबडं पोरगंही घर दाखवील. मी त्यांची बायको भागिरथा. चौथीपर्यंत शाळेत नाव होतं, त्यातली निम्मी शाळा कापूस वेचण्यात गेली, म्हणून अक्षरं जरा वाकडी येतात. पण ज्या माणसासोबत जन्म काढला, त्याच्याबद्दल लिहायला सरळ अक्षरं कशाला लागतात?

हे एस.टी.त डायवर होते. त्यांच्या गाडीचा कंडक्टर प्रेमसिंग, पलीकडच्या तांड्यावरचा. दोघांची जोडी डेपोत बैलजोडीसारखी ओळखली जायची. प्रेमसिंग घरी आला की चहा पिता पिता सांगायचा, "वैनी, बाकीचे डायवर माणूस पाहून गाडी थांबवतात. तुमचा माणिक हात पाहून थांबवते. त्या हाताले माणूस जोडेल हाय का नाई, ते मंग पाह्यते."

खोटं काही नव्हतं त्यात. एका हिवाळ्यात, सकाळच्या धुक्यात, इंझोरीच्या अलीकडं ह्यांनी गाडी उभी केली. बराच वेळ कोणी चढेना. प्रेमसिंगनं उतरून पाहिलं तर शेताच्या धुऱ्यावर बुजगावणं उभं, दोन्ही हात पसरून. प्रेमसिंगनं तिथूनच ओरडून विचारलं, "पाव्हणे, कुठवर जाता? पुरं तिकीट फाडू का अर्धं?" सगळी गाडी हसली. पुढं वर्षभर डेपोत ह्यांना बुजगावण्याचा डायवर म्हणत. हे म्हणायचे, "हासा लेकहो. पन माणूस असता तं?"

ह्या खोडीमागं एक गोष्ट आहे. ह्यांच्या लहानपणी गावच्या रस्त्यानं एक खासगी मोटार चालायची. ती गावच्या फाट्यावर थांबायची, आमच्या वस्तीसमोर थांबायची नाही. एकदा माझी सासू तापलेलं लेकरू कडेवर घेऊन हात करून उभी राहिली आणि मोटार धूळ उडवून निघून गेली. ते लेकरू म्हणजे हेच. सासू त्यांना घेऊन मंगरूळच्या दवाखान्यापर्यंत पायी गेली, म्हणून हे वाचले आणि माझ्या वाट्याला आले. लग्नाच्या नव्या दिवसांत एकदा त्यांनी मला हे सांगितलं होतं, पुन्हा कधी काढलं नाही. पण हात केलेलं माणूस सोडून हे पुढं गेले, असं मी तरी पाहिलं नाही.

दुसरी खोड बेलची. जुन्या गाडीत वर दोरी असायची. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. ही डबल बेल मारायचा हक्क कंडक्टरचा. सगळी माणसं चढली का, म्हातारी नीट बसली का, कोणाचं लेकरू खाली राहिलं का, हे त्यानं पाहायचं आणि मगच डायवरनं गाडी हलवायची. रिटायर झाल्यावर ही खोड घरात आली. पुढ्यात ताट ठेवलं तरी हे भाकरीकडं पाहत बसून राहतात. मी वाटीवर चमचा दोनदा वाजवला की पहिला घास तोंडात.

आणि एक रुखरुख होती. वाशीमवरून जो मोठा रस्ता जातो, हिंगोली, नांदेड, देगलूर, त्यावर ह्यांनी पुष्कळ गाडी चालवली. पण देगलूरच्या पुढं आपल्या राज्याची हद्द संपते. तिथून मागं फिरायचं. घरी आले की म्हणायचे, "रस्ता पुढं जाते वो भागिरथे, अन् मी वापस येतो."

आता वैजूचं सांगते. वैजयंती ही आमच्या लेकाची, विनोदची पोरगी. वाशीमला शिकली, मग पाहुण्यांना गाव दाखवायचं शिक्षण घ्यायला पार पाँडिचेरीला गेली. फ्रेंच लोकांनी वसवलेलं ते जुनं गाव. राज्य त्यांचं गेलं, पण बोली अजून कोणाकोणाच्या तोंडी आहे, असं ती सांगायची. तिथं राहून पोरगी स्वतः फ्रेंच बोलायला शिकली आणि तिथंच नोकरीला लागली. फ्रान्सहून पाहुणे येतात, त्यांना ही जुन्या गल्ल्यांतून पायी फिरवते. जाताना माझं निळं लुगडं घेऊन गेली. दरसाल जयंतीच्या मिरवणुकीत मी तेच नेसायची. म्हटलं, "माय, जुनं हाय ते, नवं ने." म्हणाली, "मले जुनंच पायजे आजी."

मागच्या वर्षी तिला तिकडं ताप भरला. चार दिवस खोलीत एकटी पडून होती. आम्हाला कळलं ते बरी झाल्यावर. तेव्हापासून विनोदचं डोकं फिरलं. तो वाशीमला ऑफिसात नोकरीला आहे, रागावला तरी आवाज चढवत नाही, नुसता चष्मा पुसत बसतो. एक दिवस चष्मा पुसता पुसता फोनवर पोरीला म्हणाला, "बस झालं. वाशीमच्या क्लासवाल्याशी बोललो मी. इंग्रजी शिकव पोट्ट्याईले. घरून ये-जा कर."

पोरगी रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, आबाले पाठवा. त्यायनं गाव पाहावं, माहं काम पाहावं. ते म्हनतीन तसं."

विनोद लगेच कबूल झाला. त्याला वाटलं, हा म्हातारा देगलूरच्या पुढं सगळं जंगल समजतो, तो काय तिची बाजू घेणार! सून सरिता अंगणवाडी सोडून येऊ शकत नव्हती. तिनं धपाटे बांधले, तिळाची चटणी बांधली, ठेच्याचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "मामंजीले काही सांगू नका. पन पोरीचं पुरं ऐकून या."

ह्यांची अट एकच. "रेल्वेनं नाई. रोडनं जाऊ. अन् हद्दीपावतर गाडी माह्या हातात."

विनोदची पांढरी गाडी, सेकंडह्यांड. पुढं हे दोघं, मागं मी आणि पिशव्या. दर थोड्या वेळानं विनोद म्हणायचा, "बाबा, आता मले द्या," आणि हे म्हणायचे, "थांबा आला की देतो." वाटेत कोणी हात केला की थांबायचंच. हिंगोलीच्या पुढं एक शाळेतला मास्तर बसला, नांदेडच्या अलीकडं एक बाई आणि तिची कोंबडी. कोंबडी माझ्या मांडीवर. विनोद चष्मा पुसायला लागला.

"बाबा, अशानं आपण पुढच्या जयंतीले पोचू."

"पोचू ना. मंग तठीच मिरवनूक काढू."

देगलूर सुटलं आणि हद्दीची पाटी दिसली तशी ह्यांनी गाडी बाजूला घेतली. खाली उतरले. खिशातला कंगवा काढून केस विंचरले, जे आहेत तेवढे. रस्त्याकडं पाहत उभे राहिले. मला वाटलं डोळे पुसतात की काय, पण ते चाकात हवा आहे का पाहत होते. मग येऊन बसले आणि हात स्टिअरिंगवर ठेवले.

"चाला ना बाबा," विनोद म्हणाला.

"कसा चालू? बेल कोठी हाय?"

मी ठेच्याच्या डब्याचं झाकण काढलं आणि चमच्यानं दोनदा वाजवलं. टण् टण्. गाडी हद्द ओलांडून गेली. त्यानंतर हे कितीतरी वेळ शीळ घालत होते. लग्न झाल्यापासून ह्या माणसाला शीळ येते हे मला ठाऊक नव्हतं.

पुढं हे आणि विनोद आळीपाळीनं चालवत गेले. तेलंगण आलं तशा पाट्या बदलल्या, पुढं आंध्रात तेच गोल गोल अक्षर, तमिळनाडूत आणखी वेगळं. आपल्याकडं मी पाट्या अक्षरं जुळवून जुळवून वाचते आणि विनोद मला हसतो. इथं मी त्याला विचारलं, "काय लिहेल हाय रे?" तो म्हणाला, "मले नाई येत वाचता." म्हटलं, "बी.ए. हायेस ना?" हे पुढून म्हणाले, "हद्दीपल्याड सगळे अंगठेबहाद्दर. बरोबरी झाली आता." असे हसत, मुक्काम करत, भात खात खात एका दुपारी आम्ही पाँडिचेरीत शिरलो.

विनोदच्या मोबाईलमध्ये लॉजचा रस्ता होता. तो सांगे डावीकडं, हे नेत उजवीकडं.

"बाबा, कुठी चालले?"

"ष्टँडवर."

"आपल्याले बस पकडायची हाय का?"

"गावात आलं तं आधी ष्टँडवर नोंद द्या लागते. त्याबिगर गावात आलो असं होते का?"

ष्टँडशेजारी गाडी लावून हे आत गेले. उभ्या गाड्यांची टायरं पाहिली. तिथल्या एका डायवरला खुणेनं ब्रेक कसा आहे विचारलं, त्यानं खुणेनंच कपाळाला हात लावला, दोघं हसले. आणि चहाच्या टपरीजवळ आमची वैजू उभी! वाळली होती, उन्हानं रापली होती, पण दात तेच, माझ्या सासूचे.

"बाबानं लॉजचा पत्ता सांगतला होता," ती म्हणाली, "पन मले माहीत होतं, आबा पयले अठीच येतीन."

 ह्यांच्या मनातल्या वहीत पहिला गुण तिच्या नावावर पडला, हे मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं काम पाहायला निघालो. जुन्या फ्रेंच वस्तीत पिवळ्या भिंती, पांढऱ्या चौकटी, भिंतीवरून लोंबणारी बोगनवेल, आणि गल्लीच्या तोंडाशी निळ्या पाट्या. पोलिसाच्या डोक्यावर लाल उंच टोपी. हे म्हणाले, "ह्याले धुक्यातही कोनी धडकनार नाई." फ्रान्सहून आलेले पाहुणे वैजूभोवती उभे होते, बहुतेक आमच्याच वयाचे. वैजू त्यांच्याशी बोलायला लागली आणि मी ऐकतच राहिले. गरम भजं तोंडात धरून बोलावं तशी ती भाषा, पण आमची पोरगी ती अशी बोलत होती जशी मी शेजारणीशी बोलते. हात हलवून, हसवून, मध्येच दम देऊन.

विनोद हात मागं बांधून त्यांच्या मागं मागं गेला. ह्यांच्या गुडघ्यानं एका गल्लीतच दम टाकला. "चाल वो, आपन गाडीतून जाऊ मागून," म्हणाले. घाईत ह्यांचा फोन विनोदच्या पिशवीतच राहिला.

तर आम्ही दोघं हळूहळू गाडीतून निघालो. एका वळणावर, पिवळ्या भिंतीसमोर, एक म्हातारी उभी. सुती लुगडं, पांढरा अंबाडा, रंग आपल्यासारखाच. वरच्या मजल्याच्या खिडकीकडं तोंड करून तिनं हात वर केलेला.

ह्यांचा पाय ब्रेकवर गेला सुद्धा.

"बसा मावशी."

तिनं गाडीकडं पाहिलं, आम्हाला पाहिलं, आभार मानावे तसं "मेर्सी" म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. हुश्श करून पाय चोळायला लागली. मी म्हटलं, "कोन्या गावच्या बाई?" तिनं जे उत्तर दिलं ते सगळं गरम भज्याचंच! लुगडं आपलं, रंग आपला, अंबाडा आपला आणि तोंडात फ्रेंच. पुढून हे म्हणाले, "काय म्हनते?"

"मले काय माहीत? भूक लागली असंन."

मी धपाटं दिलं, त्यावर ठेचा ठेवला. तिनं एक घास खाल्ला. डोळे मोठे झाले, नाक लाल झालं, मला वाटलं आता शिव्या देते. तर तिनं हात पुढं केला, आणखी दे म्हणून. मग मी माझे गुडघे दाखवले, तिनं तिचे. मी बोटांनी दाखवलं, एक लेक, एक नात. तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं, तेरेज. मी तिला तेरेजाबाई करून टाकलं. तिनं मागं वळून त्या पिवळ्या घराकडं बोट केलं, मग हात जमिनीपासून हातभर उंच धरला, एवढीशी होते म्हणून. मला वाटलं तिची नात तिथं राहत असेल.

"पन हिले जायाचं कुठी हाय?" मी विचारलं.

"हात केला म्हंजे ष्टँडवर जायाचं असंन. माणूस दुसऱ्या कायले हात करते?"

आणि ह्यांनी तिला सरळ ष्टँडवर नेलं. उतरून आदबीनं दार उघडलं. "आलं मावशी, ष्टँड." तेरेजाबाईनं बसगाड्यांकडं पाहिलं, ह्यांच्याकडं पाहिलं आणि हसत सुटली. हसता हसता तिनं कपाळावरचा घाम पुसला, तेव्हा तिच्या मनगटाला बांधलेली निळ्या कापडाची पट्टी मला दिसली.

मी तिचा हात धरला. पट्टीला बारीक पांढरा काठ. काठात एका ठिकाणी पिवळ्या दोऱ्याचा टाका. मिरवणुकीत एकदा काठ फाटला होता, तेव्हा घरात निळा दोरा नव्हता म्हणून मीच पिवळ्यानं शिवलेला.

"अवो," मी म्हटलं, "हे माहं लुगडं हाय."

"सकायपासून उन्हात हायेस, पानी पे."

"पानी नाई, लुगडं! वैजूनं नेलेलं. तिनं त्याच्या पट्ट्या करून पाव्हण्याईच्या हाताले बांधल्या, गर्दीत वळखू याव्या म्हनून. ही वैजूची पाव्हणी हाय वो!"

हे ष्टँडच्या भर उन्हात उभे होते. चेहरा पांढरा पडला. "म्हंजे वैजूचं पाशिंजर आपन पळवलं?"

"पळवलं अन् वर ठेचा चारला."

जो माणूस जन्मभर माणसं गाडीत घेत आला, त्यानं आज नातीच्या गाडीतलं माणूस काढून नेलं होतं. तेही कुठल्या दिवशी, तर तिचा बाप मागं हात बांधून चूक शोधत चालला होता त्या दिवशी. आम्ही घाईघाईनं तिला पुन्हा गाडीत बसवलं. मागं जायचं तर रस्ता सापडेना, सगळ्या गल्ल्या एकाच दिशेच्या, सगळ्या भिंती पिवळ्या. कोणाला विचारावं तर काय म्हणून? तेरेजाबाईला आमचे चेहरे पाहून सगळं उमगलं असावं. तिनं पुढं वाकून ह्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "गांधी. गांधी."

हे म्हणाले, "आता ही प्रार्थना करून राह्यली का?"

ती समुद्राकडं बोट दाखवत होती. एका आटोवाल्याला ह्यांनी खिडकीतून नुसतं "गांधी?" म्हटलं, तो हातानं पुढं पुढं दाखवत गेला, आणि गल्ली संपली तिथं समुद्र उघडला आणि काठावर गांधीबाबाचा मोठा पुतळा. सकाळी सगळे तिथूनच निघाले होते, हे तेरेजाबाईच्या ध्यानात होतं, आमच्या नव्हतं. मराठीही नाही, फ्रेंचही नाही, असा हा एकच शब्द हद्दीपल्याड आमच्या कामी आला.

पुतळ्याजवळच्या सावलीत सगळे पाहुणे बसले होते. हातात शहाळी. वैजू त्यांच्यासमोर उभी राहून काहीतरी गमतीचं सांगत होती, ते हसत होते, पण तिचे डोळे रस्त्यावर. विनोद घामाघूम, चष्मा हातात.

आमच्या गाडीतून तेरेजाबाई उतरली तशी वैजू धावत आली. आमच्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. आधी म्हातारीचे दोन्ही हात धरले, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, तिला सावलीत बसवलं, शहाळं हातात दिलं. मग सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, कोणी राहिलं का म्हणून. आणि मग आमच्याकडं वळली.

"आबा?"

हे गाडीला टेकून उभे होते, साहेबापुढं उभं राहावं तसे. "माह्यी चूक झाली माय. तिनं हात केला. मी थांबलो."

"त्यायनं हात कायले केला असंन?"

"मले काय माहीत! हात होता."

वैजूनं ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "त्यायचे पाय दुखत होते. म्या सांगतलं, ह्या कोपऱ्यावर थांबा, आटो येते तुमच्यासाठी. आटो आला, तं मानूस गायब."

तेवढ्यात तेरेजाबाई तिकडून बोलायला लागली. बराच वेळ बोलली, हात करून, खिडकी दाखवून, ठेच्याचं तिखट दाखवून, आणि सगळे पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. वैजू ऐकता ऐकता हसली, मग तिचे डोळे भरले.

"काय म्हनते?" ह्यांनी भीत भीत विचारलं.

"त्या ह्या गावातच जन्मल्या आबा. त्या पिवळ्या घरात. लहान असताना मायबाप फ्रान्सले घेऊन गेले. आज पयल्यांदा वापस आल्या. खिडकी नीट दिसावी म्हनून उन्हाच्या आड डोळ्यावर हात धरला होता. अन् म्हनतात, आपल्या गावात आल्यावर नाव विचारल्याबिगर कोनीतरी दार उघडावं, जेवू घालावं, अशी लय इच्छा होती. तुमी घातलं. आता म्हनतात, बाकीचं गाव मी ह्याच गाडीतून पाहीन."

हे कंगवा काढून केस विंचरायला लागले.

बाकीची सगळी सकाळ पुढं पाहुण्यांचा घोळका, त्यात वैजू, आणि मागून बैलगाडीच्या चालीनं आमची गाडी. मागच्या सीटवर आम्ही दोघी म्हाताऱ्या. त्या पिवळ्या घरासमोर ह्यांनी न सांगता गाडी उभी केली आणि तेरेजाबाईचं मन भरेपर्यंत उभी ठेवली. मागून हॉर्न वाजले. हे खिडकीतून हात काढून म्हणत होते, "पाशिंजर उतरून राह्यलं, थांबा." कोणाला मराठी येत नव्हती, पण सगळे थांबले.

दुपारी जेवताना विनोद माझ्याजवळ सरकला. "माय, तुले सांगू? ती बाई दिसेना, तवा मी वैजूले म्हटलं, तू बाकीच्याईले घेऊन समोर जाय, मी पाह्यतो तिले. उशीर झाला तं नाव खराब होईन. तं मले म्हनते कशी, 'बाबा, एक मानूस खाली असलं तं गाडी हलत नाई.' कोनापासून शिकली हे?"

 लहानपणी सुटीत ही पोरगी आजोबाच्या गाडीत प्रेमसिंगच्या शेजारी बसून मंगरूळ ते वाशीम फेऱ्या मारायची. प्रेमसिंग तिला उचलून धरायचा आणि दोरी तिच्या हातात द्यायचा.

विनोदनं त्याच्या बापाला विचारलं, "मंग बाबा, काय ठरवलं?"

हे भाताकडं पाहत बसले होते. मी वाटीवर चमचा वाजवला. हे जेवले. मग उठून चाकात हवा आहे का पाहायला गेले.

निघायच्या सकाळी वैजू लॉजवर आली. तिचे पाहुणे पलीकडच्या कोपऱ्यावर जमत होते, तेरेजाबाई त्यात उभी राहून आम्हाला हात करत होती, आणि ह्या खेपेला तो हात आमच्यासाठीच होता. वैजूच्या खांद्याला कामाची पिशवी, हातात उरलेल्या निळ्या पट्ट्या. तिनं मला मिठी मारली, बापाला मिठी मारली आणि ह्यांच्यासमोर उभी राहिली.

"जय भीम आबा. सांगा आता. येऊ सोबत, का राहू?"

विनोद चष्मा पुसायचं विसरून नुसता धरून उभा होता. समोरच्या झाडावर कावळे ओरडत होते.

हे माझ्याकडं वळले. "झाकण दे वो."

मी डब्याचं झाकण दिलं, चमचा दिला. इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या बेलवर चालला. डायवरनं बेल मारायची नसते, हे त्यानंच मला शिकवलेलं. त्या सकाळी त्यानं झाकण छातीशी उंच धरलं आणि नातीच्या डोळ्यांत पाहून वाजवलं.

टण् टण्.

वैजू आधी हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. तिनं ह्यांच्या हातातून झाकण आणि चमचा काढून घेतला, पिशवीत टाकला आणि पाहुण्यांकडं धावत सुटली.

"म्हंजे?" विनोद म्हणाला. "राहू म्हनलं का ये म्हनलं?"

"डायवरचं पोरगं ना तू?" मी म्हटलं. "मंग?"

त्यानं चष्मा घातला. पोरीच्या पाठीकडं पाहिलं. ती वळणावर थांबून, झाकण वाजवून आपली माणसं गोळा करत होती. "पन ताप आला तं?" तो म्हणाला, आणि आवाज पोराचा झाला होता.

हे गाडीच्या दाराला टेकले. "तुह्याजवळ गाडी हाय. मले रस्ता माहीत हाय. निघायले किती वेळ लागते?"

मग पुढचं दार उघडून हे डायवरच्या बाजूला न जाता दुसऱ्या बाजूला बसले. विनोदला म्हणाले, "चालव आता तू. मी जरा पाशिंजर होऊन पाह्यतो."

विनोद बसला, चावी फिरवली आणि थांबला. आरशातून माझ्याकडं पाहत म्हणाला, "माय, बेल?" झाकण तर पोरीनं नेलेलं. मी हातातल्या बांगड्या खिडकीच्या काचेवर दोनदा वाजवल्या.

परतताना हद्द आली तेव्हा हे घोरत होते. वाशीम मागं टाकून आसेगावच्या रस्त्याला लागलो, तर दिवेलागणीला एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन हात करून उभी. विनोदनं आपणहून ब्रेक दाबला. भारा टपावर चढला, बाई माझ्याजवळ बसली. हे डोळे मिटूनच होते, पण ओठांवर ती शीळ हलत होती.

घरी सरिता दारातच उभी. बातमी तिला फोनवर कधीच पोचली होती, डोळे सुजलेले आणि तोंड हसरं. तिनं पिशव्या उतरवल्या, ठेच्याचा डबा उचलला, उघडा पाहून म्हणाली, "माय, ह्याचं झाकण कुठी राह्यलं वो?"

"ते पाँडिचेरीले नोकरीले लागलं," मी म्हटलं. "ताटली झाक त्यावर आता."